द्रवनत्राचें पात्र: त्याची निगा आणि नोंद

गाय माजावर आली म्हणजे पूर्वीं गांवांत चांगल्या वळूचा शोध करावा लागे. हल्लीं दवाखान्याकडे अथवा दूधसंस्थेकडे निरोप जातो, आणि तेथील माणूस एक लहानसें पात्र घेऊन आपल्या गोठ्यांत येतो. पात्राचें बूच काढतांच पांढुरकी वाफ उसळते, चिमट्यानें एक बारीक कांडी बाहेर निघते, ती कोमट पाण्यांत बुडविली जाते, आणि थोड्याच वेळांत काम उरकून तो माणूस पुढल्या गोठ्याकडे निघून जातो. हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ती कांडी आपल्या गोठ्यापर्यंत जिवंत आली कीं मेलेली आली, हा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोडे विचारतात. मीहि तो विचारीत नव्हतों. तो न विचारल्यामुळें आमच्या गांवाचें जें नुकसान झालें त्यांत माझा वांटा मोठा होता. म्हणूनच हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहें.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नव्हे आणि शास्त्रज्ञहि नव्हे. शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि सारें आयुष्य महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलें. निवृत्तीनंतर गांवीं आल्यावर दूध उत्पादक संस्थेच्या चिटणीसाचें काम गळ्यांत पडलें, व त्याबरोबर हें पात्रहि ताब्यांत आलें. पुढें जें सांगितलें आहे तें जाणत्या अधिकाऱ्यांस विचारून, पुस्तकें पाहून व मुख्यतः चुकून शिकलेलें आहे.

इतकी थंडी कशाकरितां?

वळूचें रेत ताजें असतां फार काळ टिकत नाहीं, आणि तसेंच गोठविलें तर त्यांतील पाण्याचे बर्फाचे कण बनून शुक्रजंतूंची शकलें होतात. इ. स. १९४९ मध्यें लंडन येथें पॉल्ज, स्मिथ व पार्क्स या तिघां संशोधकांना कोंबड्याच्या रेतावर प्रयोग करीत असतां असें आढळून आलें कीं, त्यांत ग्लिसरीन मिसळल्यास गोठविल्यानंतरहि शुक्रजंतु जिवंत राहतात. सर्व गोठित रेताचा पाया हाच शोध होय. आरंभीं हें रेत कोरड्या बर्फाच्या साह्यानें उणें ७९ अंश सेंटिग्रेडवर ठेवीत. परंतु तेवढ्या थंडींत त्याची शक्ति हळूहळू क्षीण होत जाई. पुढें द्रवनत्राचा उपयोग सुरू झाला आणि ही अडचण दूर झाली.

द्रवनत्र म्हणजे कांहीं विषारी औषध नव्हे. आपण श्वास घेतों त्या हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायूचाच आहे. तोच अतिशय थंड करून पाण्यासारखा पातळ केला म्हणजे त्यास द्रवनत्र म्हणतात. तें उणें १९६ अंशांवर उकळतें. चुलीवरील पाणी उकळत असेपर्यंत जसें १०० अंशांच्या वर चढत नाहीं, तसेंच पात्रांत द्रवनत्राचा अंश उकळत आहे तोंपर्यंत त्यांत बुडालेली वस्तु उणें १९६ अंशांवरच राहते. त्यास वीज लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. मात्र तें सारखें उडून जात असतें, आणि संपलें कीं सारें संपलें.

येथें एक आंकडा ध्यानांत ठेवावा. सुमारें उणें १३० अंशांच्या वर कांडी गेली कीं, तिच्यांतील बर्फाचे सूक्ष्म कण पुनः वाढूं लागतात व जंतु मरूं लागतात. नंतर ती पुनः द्रवनत्रांत बुडविली तरी मेलेलें जिवंत होत नाहीं. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, मेलेली कांडी व जिवंत कांडी डोळ्यांना अगदीं सारखी दिसते. बियाणें किडलें तर हाताला कळतें; येथें तसें कळावयाचें साधन नाहीं.

पात्राची रचना

जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानें इ. स. १८९२ मध्यें दुहेरी भिंतीचें, मधली हवा काढून टाकलेलें भांडें तयार केलें. आपला चहाचा थर्मास त्याचाच वंशज, आणि द्रवनत्राचें पात्र हें त्याचें थोरलें भावंड. पात्राचीं आंतील व बाहेरील भांडीं ॲल्युमिनियमचीं असतात. दोहोंमध्यें निर्वात पोकळी असून तींत चकचकीत पातळ पत्र्याचे व कागदाचे अनेक थर गुंडाळलेले असतात. आंतलें भांडें केवळ मानेच्या नळीला टांगलेलें असतें. ही नळी धातूची नसून कांचतंतूची असते, कारण धातूवाटे उष्णता आंत शिरते. म्हणून पात्राचा खरा नाजूक अवयव ही मान होय. पात्र आडवें पाडलें, आपटलें, खडबडीत रस्त्यावर गाडींत मोकळें सोडलें, तर आंतील वजनाचा सर्व ताण मानेवर येतो, तिला चीर पडते, निर्वात पोकळींत हवा शिरते, व पात्र कायमचें निकामी होतें.

बूच हलकें व सैल असतें. तें सैल आहे म्हणून कोणी चिंधी कोंबून घट्ट करूं नये. एक लिटर द्रवनत्राची सुमारें ७०० लिटर वायु बनते. तिला बाहेर पडण्यास वाट न राहिल्यास पात्र फुटून प्राणावर बेतेल.

आपल्याकडे अशीं पात्रें नाशिक येथील इंडियन ऑइलच्या कारखान्यांत तयार होतात. गांवोगांवीं नेण्याचें पात्र सुमारें ३ लिटरचें असतें. केंद्रावर ठेवण्याचीं २०, ३५ लिटर व त्याहून मोठीं असतात. महाराष्ट्रांत शेतकऱ्याच्या दारापर्यंत गोठित रेत नेण्याच्या कार्यांत मणिभाई देसाई यांनीं इ. स. १९६७ मध्यें उरुळीकांचन येथें स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेचा वांटा मोठा आहे. आज हें पात्र गांवोगांवच्या दवाखान्यांत व संस्थांत दिसतें. त्याची निगा मात्र सर्वत्र दिसत नाहीं.

आमच्या संस्थेंत काय घडलें

आमच्या केंद्रावर ३५ लिटरचें एक पात्र आहे. पातळी मोजून वहींत लिहिण्याचें काम संकलनावरील एका होतकरू मुलाकडे होतें. सकाळ-संध्याकाळ दूध घेणें, फॅट काढणें, बिलें करणें हें सर्व तो एकटाच करी. महिनाअखेरीस वही माझ्यापुढें येई, आणि मी ‘तपासलें’ असें लिहून सही करीं.

तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत केंद्राची झाडलोट करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, टाकीला घाम येतोय.” मीं उत्तर दिलें, “बाई, आंत एवढें थंड असल्यावर घाम येणारच.” हें उत्तर मला त्या वेळीं शहाणपणाचें वाटलें. वस्तुतः तें शुद्ध अज्ञान होतें. चांगल्या पात्राची थंडी बाहेर येतच नाहीं. त्याचें अंग हवेइतकेंच कोमट व कोरडें असतें. मानेपाशीं अथवा अंगावर घाम किंवा दंव दिसलें म्हणजे पोकळींत हवा शिरली असें समजावें. त्या बाईंना पात्राचें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण त्यांनीं पाहिलें होतें. मला वाचतां येत होतें, पण मीं पाहिलें नव्हतें.

पुढें पावसाळाभर गांवांत एकच तक्रार ऐकूं येऊं लागली: गाय उलटली. कृत्रिम रेतन करावें, आणि २१ दिवसांनीं गाय पुनः माजावर यावी. कोणी चाऱ्यास दोष दिला, कोणी खनिज मिश्रणास, कोणी रेतन करणाऱ्याच्या हातास. माझ्या शेजारीं एका अल्पभूधारक गृहस्थाची एकच गाय होती. ती तीनदां उलटली. ६३ दिवस हातचे गेले, दूध आटलें, कर्जाचा हप्ता थांबेना. गाय वांझ झाली असें समजून त्यांनीं ती बाजारांत मिळेल त्या किंमतीस विकली.

भाद्रपदांत पशुधन विकास अधिकारी आले. त्यांनीं आमच्या पात्रांतील निरनिराळ्या वळूंच्या कांड्या घेऊन वितळविल्या व सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवल्या. एकींतहि हालचाल दिसेना. त्यांनीं वही मागितली. वही उत्तम होती! दर सोमवारीं पातळी बरोबर दोन सेंटिमीटरनें उतरत होती. त्यांनीं पट्टी मागवून पात्रांत घातली. वहींत २६ सेंटिमीटर होते. पट्टीवर ९ निघाले.

तेव्हां तो मुलगा रडूं लागला. द्रवनत्राची गाडी ज्येष्ठांत आली त्या वेळीं पात्र ठणठणीत कोरडें होतें. भीतीनें तो बोलला नाहीं. गाडीवाल्यानें तें भरलें, आणि मेलेल्या कांड्या पुनः थंड झाल्या. मोजमाप तो कित्येक आठवडे करीतच नव्हता. बैठकीला एकदम आंकडे भरीत होता.

मीं ती वही पुनः उघडली. एकच शाई, एकच ठेवण, एकसारखा उतार. बांधावर न जातां चावडींत बसून लिहिलेली पीक पाहणी मीं आयुष्यभर वासावरून ओळखली. खरी मोजणी कधींच इतकी सुरेख नसते: एका आठवड्यांत बूच अधिक वेळां उघडलें जातें, दुसऱ्यांत ऊन अधिक पडतें, आणि आंकडे वरखालीं होतात. हें मला कळावयास हवें होतें. पण त्या वहीकडे पाहण्यापूर्वींच मीं सही करीत होतों.

सर्वसाधारण सभेंत मीं हा प्रकार जसा घडला तसा सांगितला. सर्वांचा राग त्या मुलावर वळूं लागला, तेव्हां शेवटची सही कोणाची आहे हेंहि सांगितलें. मागून ते माझे शेजारी उठले व एवढेंच म्हणाले, “भाऊसाहेब, कचेरींतहि अशाच सह्या करीत होतां काय?” मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांची विकलेली गाय नव्या धन्याकडे पहिल्याच चांगल्या कांडीला गाभण राहिल्याचें नंतर कळलें. तें त्यांना जाऊन सांगणें मला भाग होतें, आणि तें मीं सांगितलें.

असो. यापुढें जी रीत आम्हीं ठरविली ती देतों. प्रत्येक संस्थेस ती पाळण्यासारखी आहे.

पातळी कशी मोजावी

लांकडाची किंवा प्लास्टिकची, खुणा केलेली, कोरडी व भरीव पट्टी घ्यावी. पोकळ नळी कदापि घालूं नये. आंतील द्रव उसळून तोंडावर येतो. पट्टी सरळ तळापर्यंत सोडून दहा ते पंधरा सेकंद ठेवावी, बाहेर काढून हवेंत थोडी हालवावी. जेथपर्यंत पांढरें दंव धरेल तितकी द्रवाची उंची. आठवड्यांतून दोनदां, आणि कडक उन्हाळ्यांत एक दिवसाआड, मोजणी करावी. पातळी एकतृतीयांशाच्या खालीं जाऊं न देतां द्रव मागवावें. गाडी एक फेरी चुकली तरी कांड्या बुडालेल्या राहिल्या पाहिजेत.

केवळ आजची पातळी लिहून भागत नाहीं. मागील मोजणीपासून किती उतरली हें शेजारच्या रकान्यांत काढावें. काम नेहमींइतकेंच असतां उतार एकाएकीं दुप्पट झाला तर पात्राची पोकळी बिघडत आहे असें समजून कांड्या ताबडतोब दुसऱ्या पात्रांत हलवाव्या, व मग कारण शोधावें.

कांडी कशी काढावी

कांडी पाव मिलिलिटरची असते. तिच्यांत सुमारें दोन कोटि शुक्रजंतु भरलेले असतात. ती इतकी बारीक असल्यानें हवेंत येतांच झपाट्यानें तापते. म्हणून कांड्यांची डबी मानेच्या तोंडापासून चार बोटें खालींच धरावी, त्यावर आणूं नये. चिमटा आधीं मानेंत धरून थंड करावा. आठ सेकंदांत हवी ती कांडी सांपडली नाहीं तर डबी पुनः खालीं सोडावी, थोडें थांबावें, मग पुनः उचलावी. कोणत्या डबींत कोणत्या जातीच्या व कोणत्या वळूच्या कांड्या आहेत याचा तक्ता पात्राशेजारीं भिंतीवर लावावा, म्हणजे पात्र उघडें ठेवून शोधाशोध करावी लागत नाहीं. पात्राभोंवतीं जमून ‘बघूं, बघूं’ म्हणून डबी वर काढावयास लावणारे आपले लोकहि या नुकसानीस कारण होतात.

बाहेर काढलेली कांडी ३७ अंश उष्ण पाण्यांत ३० सेकंद ठेवावी. पाणी अंदाजानें नव्हे, तर उष्णतामापकानें पाहिलेलें असावें. मग ती स्वच्छ पुसून, उन्हापासून जपून, पंधरा मिनिटांच्या आंत वापरावी. वितळलेली कांडी पुनः पात्रांत टाकणें म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. आपल्या गोठ्यांत हें काम होत असतां कांडीवरील वळूचा क्रमांक पाहून लिहून घ्यावा. तो आपला हक्क आहे.

ठेवणें, भरणें, धुणें

पात्र लांकडी फळीवर ठेवावें. ओलसर सिमेंटच्या जमिनीनें ॲल्युमिनियम खाल्लें जातें. खतांच्या पोत्यांजवळ, उन्हांत किंवा गोठ्याच्या ओलींत तें ठेवूं नये. नवें अथवा कोरडें पडलेलें पात्र भरतांना प्रथम थोडेंच द्रव ओतून भांडें निवूं द्यावें व मग सावकाश भरावें. एकदम भरल्यास द्रव उसळतो आणि मानेच्या सांध्यावर ताण येतो. भरल्यावर एक-दोन दिवस उतार पाहून मगच त्यांत कांड्या ठेवाव्या. वर्षांतून एकदां कांड्या दुसऱ्या पात्रांत काढून हें पात्र रिकामें करावें, आपोआप कोमट होऊं द्यावें, सौम्य साबणाच्या पाण्यानें धुवावें व पालथें घालून पूर्ण वाळवावें. तळाशीं फुटक्या कांड्या व बर्फ सांचलेला आढळेल.

धोके

द्रवनत्र अंगावर सांडल्यास भाजल्यासारखी जखम होते. सैल, कोरडे चामडी हातमोजे व डोळ्यांना चष्मा वापरावा. चप्पल घालून पात्र भरूं नये. दुसरा धोका दिसत नाहीं. ३ मीटर लांब, ३ रुंद व ३ उंच अशा खोलींत २७,००० लिटर हवा असते. तींत २० लिटर द्रवनत्र सांडलें तर त्याची सुमारें १४,००० लिटर वायु होते व प्राणवायु तितका ढकलला जातो. या वायूस वास नाहीं, ठसका नाहीं. माणूस सूचना न मिळतां बेशुद्ध पडतो. म्हणून खोलीची खिडकी सदैव उघडी असावी, आणि कांचा लावलेल्या बंद मोटारींतून पात्र नेऊं नये. कोणी पडलेला दिसल्यास आधीं दारें-खिडक्या उघडाव्या. घाईनें आंत शिरणाराहि पडतो.

विजेवरील पेटीविषयीं दोन शब्द

पुष्कळ लोक विचारतात कीं, प्रयोगशाळांतून विजेवर चालणाऱ्या अतिशीत पेट्या असतात, त्या आपण कां घेऊं नयेत? त्या पेट्यांत दोन यंत्रें एकापुढें एक जोडलेलीं असतात; पहिलें दुसऱ्यास थंड करतें, आणि दुसरें पेटीस उणें ८० अंशांपर्यंत नेतें. रोगांचे नमुने वगैरे ठेवण्यास त्या उत्तम. तेथेंहि मागें मोकळी जागा ठेवणें, जाळीवरील धूळ काढणें, दाराच्या रबराचें दंव बोथट लांकडी पट्टीनें काढणें, आंतील वस्तूंची यादी दारावर लावणें व रोजची उष्णता लिहिणें हीच निगा असते. परंतु उणें ८० हें उणें १३० नव्हे, शिवाय आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. सबब रेताच्या कांड्यांना ती पेटी चालत नाहीं. घरच्या फ्रिजमध्यें तर तासभरहि कांडी ठेवूं नये. उलट लाळ-खुरकताची लस द्रवनत्राच्या पात्रांत ठेवूं नये. ती गोठली कीं बिघडते. तिची जागा दोन ते आठ अंशांच्या फ्रिजमध्यें आहे.

वही

आमच्या वहींत आतां तारीख, पातळी, उतार, दिलेल्या कांड्या व मोजणाऱ्याची सही असे रकाने आहेत. त्यापुढें आणखी एक रकाना आहे. दर पंधरवड्यास संस्थेच्या सभासदांपैकीं एकानें, पाळीपाळीनें, स्वतः पट्टी घालून पातळी पाहावयाची व आपला आंकडा तेथें लिहावयाचा. मोजणाऱ्याचा आंकडा त्यास आधीं दाखवीत नाहींत. दोन्ही जुळले तर वही खरी. त्या मुलास आम्हीं कामावरून काढलें नाहीं. त्याच्या डोक्यावरील बिलांचें काम दुसऱ्यास दिलें. पात्राला घाम आला कीं नाहीं हें पाहण्याचें काम झाडलोट करणाऱ्या बाईंकडे रीतसर सोंपविलें असून त्यांचा अंगठा वहींत दर सोमवारीं उमटतो.

पहिल्या पाळीस मीं माझ्या त्या शेजाऱ्यांनाच बोलाविलें. ते आले, पट्टी घातली, दंवाची रेघ खिडकीपाशीं उजेडांत नेऊन दोनदां पाहिली, आणि आंकडा लिहिला. आमच्या आंकड्यांत व त्यांच्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. तो फरक पाहून मला जें समाधान वाटलें तें जुन्या वहीच्या सुबक आंकड्यांनीं कधीं वाटलें नव्हतें.

वाचकांस विनंति इतकीच कीं, आपल्या संस्थेंत किंवा दवाखान्यांत पात्र असेल तर या आठवड्यांतच जाऊन पातळी मोजून दाखविण्यास सांगावें. यास पांच मिनिटें लागतात. गाय एकदां उलटली तर २१ दिवस जातात.